सुट्टीला कुठे जायचं हे आता रील ठरवतं का?

मुळशीकर
गणपती उठले की तीन-चार दिवस कुठेतरी जाऊन यायचं, एवढंच आमच्याकडे ठरलंय. 'कुठे' असं विचारायचा अवकाश, घरच्या ग्रुपवर लिंकांचा पाऊस सुरू. बायकोने कासचं पठार पाठवलं, नजर जाईल तिथवर गुलाबी. लेकीने मेघालयातली डावकीची नदी, पाणी इतकं नितळ की होडी हवेत तरंगतेय असं वाटावं. मेव्हण्याने कोकणातला एक किनारा, वर मथळा 'ही जागा अजून कुणालाच माहीत नाही'. त्या व्हिडिओला लाखांनी व्ह्यूज.

पूर्वी आपण जाऊन आलेल्या माणसाला विचारायचो. तो समुद्र छान आहे म्हणायचा आणि खोलीत ढेकूण आहेत हेही सांगायचा. व्हिडिओत ढेकूण नसतात. हल्ली लोक पाहिलेला व्हिडिओ पडताळून बघायला जातात, असं मला वाटायला लागलंय. त्याच कठड्यावर, त्याच कोनातून, तेच गाणं लावून.

तुमचं काय? व्हिडिओ बघून जागा ठरवलीत का कधी? गेल्यावर कितपत जुळलं? आणि जाता जाता, वरच्या तिघांपैकी कुणाचं ऐकू?

बटाटेवडा
'कुणालाच माहीत नाही' वाल्या किनाऱ्याच्या व्हिडिओत मागे बघा. उंट, घोडागाडी आणि मक्याची कणसं भाजणारा दिसतो की नाही? दिसला तर मेव्हण्याला एकट्याला पाठवा.

प्रवासी_पक्षी
लेकीला समजवा, सप्टेंबरात डावकी नको. ती नितळ उमगोट नदी हिवाळ्यातली, साधारण नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात डोंगरातून माती येते आणि पाणी चहासारखं होतं. होडीचा तळसुद्धा दिसत नाही, सावली तर सोडाच. मेघालय पावसात सुंदरच असतं, पण ते धबधब्यांचं आणि ढगांचं. व्हिडिओ कधी काढला ते कुणी सांगत नाही आणि हिवाळ्यात काढलेला व्हिडिओ अल्गोरिदम तुम्हाला जुलैत दाखवतो. अर्धी फसगत इथेच होते.

जुना_बाबू
आमच्या वेळी सुट्टी कुठे घालवायची हे रील नाही, एलटीसी, म्हणजे सरकारी नोकरांची प्रवाससवलत ठरवायची. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा भारतात कुठेही. ब्लॉक संपत आला की ऑफिसात धावपळ. मग अंदमान, काश्मीर, ईशान्य भारत यांना विमानाची खास सवलत निघाली आणि आमचा अख्खा सेक्शन अंदमानला. सेल्युलर जेलमध्ये साहेब आणि शिपाई एकाच रांगेत. कुणाला निसर्गाची ओढ होती असं नाही, सवलत वाया जाईल ही भीती होती. त्याआधी एसटीची अष्टविनायक यात्रा आणि रविवारच्या पुरवणीतल्या टूरवाल्यांच्या जाहिराती. माणसाने आपल्या मनाने जागा ठरवली असा काळ मी तरी पाहिलेला नाही.

चष्मिश
बाबू +१. काश्मीरच्या शिकाऱ्यात आणि स्वित्झर्लंडच्या बर्फात साडी नेसून फोटो काढणारी पिढी सिनेमा बघूनच गेली होती ना? मग रीलवरच राग का?

अनघा_म
मी उलट बाजू मांडते. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिला कुठे न्यायचं तर मला सुंदर सूर्यास्त नको असतो. पार्किंगपासून दारापर्यंत किती चालायचंय, पायऱ्यांना कठडा आहे का, संडास पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का, एवढं कळलं की पुरे. हॉटेलला फोन केला तर 'काही प्रॉब्लेम नाही मॅडम' हे ठरलेलं उत्तर. पण कुणीतरी निवृत्त काका फोन हातात धरून, धापा टाकत, वीस मिनिटांचा न कापलेला व्हिडिओ टाकतात आणि 'इथे आमच्या हिला बसायला लागलं' असं सांगतात. त्या काकांच्या भरवशावर मी आईला गणपतीपुळ्याला नेलं, पावसला नेलं. त्यांच्या चॅनेलला फार कुणी विचारत नाही. माझ्या लेखी ते देवमाणूस.

तेव्हा व्हिडिओ म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका. तीस सेकंदांचं रील हुरळवतं, लांबडा कंटाळवाणा व्हिडिओ उपयोगी पडतो.

मुळशीकर
अनघा, हे पटलं. त्या काकांच्या चॅनेलचं नाव खासगी निरोपातून कळवा.

रानवाटा१
हुरळवण्यापर्यंत ठीक होतं हो. डोंगरात काय चाललंय ते सांगतो.

त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर किल्ला घ्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी या पट्ट्यातले किल्ले आणि त्यांच्या वाटा मोडत आणल्या, तेव्हा या कातळपायऱ्या पाहून कॅप्टन ब्रिग्ज थक्क झाला होता, असं आम्ही भटके एकमेकांना सांगत आलोय. पायऱ्या जवळजवळ उभ्या, हाताला धरायला कातळात खोबण्या, आणि वर जायची वाट तीच खाली यायची वाट. रीलमध्ये त्या जिन्यावर एक मुलगी, केस उडतायत, मागे ढग. पावसाळी रविवारी प्रत्यक्षात त्या जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन अडकतात. खालचा मागे सरू शकत नाही कारण त्याच्याखाली रांग. वरचा थांबू शकत नाही कारण त्याच्यामागे रांग. पायात गुळगुळीत सोलचे पांढरे बूट, कारण व्हिडिओत तेच होते.

जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्यापाशी रील बनवणारी एक तरुणी दरीत कोसळली. बचावपथकांनी तासन्‌तास खटपट करून वर आणली, वाचली नाही. त्याच्या आधीच, ३० जूनला, भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मग पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना धोक्याच्या जागी सेल्फी-रील नको असे आदेश काढावे लागले. बचावाला जाणारी मुलं बहुतेक गावातली किंवा गिर्यारोहण संस्थांची असतात, पगाराविना दोर घेऊन धावतात. त्यांना कुणी फॉलो करत नाही.

चष्मिश
दुःखदच, पण दोन गोष्टी एकत्र करू नका. भुशीचं ते कुटुंब वर्षासहलीला आलं होतं, रील बनवायला नाही. भुशी धरण रेल्वेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं, आणि आमच्या कॉलेजच्या काळात, मोबाइल नसतानाही, तिथल्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसायची. गर्दी वाढली ती २००२ मध्ये एक्सप्रेस वे झाला म्हणून, घरटी चारचाकी आली म्हणून, आयटीवाल्यांना शनिवार-रविवार सुट्टी म्हणून. आता समृद्धी झाला, इगतपुरीचं काय होतं बघा. डांबर ओतलं की माणूस येतोच, रील असो नसो.

रानवाटा१
डांबर माणसाला भुशीपर्यंत आणतं. कुंभ्याच्या कड्यापर्यंत कोण आणतं? वीस वर्षांपूर्वी तिथे कोण जायचं ते मला माहितीय. जे जायचे ते गावातला वाटाड्या घेऊन जायचे आणि 'पुढे जाऊ नका' म्हटलं की थांबायचे. रीलमध्ये वाटाड्या कापलेला असतो.

ताई_नाशिक
काजव्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. भंडारदऱ्याकडे मेअखेर ते जून, पहिल्या पावसाच्या आसपास, काजवे चमकतात. ही त्यांची जोड्या जमवायची वेळ. अंधार हवा, बस. सध्या तिथे घाटात रात्री गाड्यांची रांग, हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, कुणीतरी गाडीत गाणी लावलेली. वनखात्याने वेळेचे आणि उजेडाचे नियम केले, पण शनिवारी रात्री हजार माणसांपुढे दोन वनरक्षक काय करणार?

आणि लोक निराश होऊन परततात, ही गंमत. झाडभर सोनेरी-हिरवे ठिपके असलेला जो फोटो फिरतो तो बराच वेळ शटर उघडं ठेवून, बऱ्याच फ्रेम एकावर एक चढवून केलेला असतो. डोळ्यांना तेवढं एका वेळी कधीच दिसत नाही. दिसतं ते वेगळं असतं. सादड्याचं एक झाड लुकलुकून विझतं, मग पलीकडचं पेटतं, जणू एकमेकांना हाका मारतायत. पण ते बघायला पंधरा मिनिटं अंधारात गप्प बसावं लागतं. माझ्या शेजारचा मुलगा बाबांना म्हणाला, "फोटोतल्यासारखं कधी सुरू होणार?"

बटाटेवडा
बाबांनी काय सांगितलं? "नेटवर्क आलं की."

देवबागकर
मी मालवणजवळ देवबागला घरगुती राहण्याची सोय चालवतो, म्हणून दुसऱ्या टोकाचं सांगतो. तुम्ही सगळे पुण्या-मुंबईचे लोक गर्दी वाढली म्हणून रडता. आमच्याकडे पूर्वी मे महिना आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा, एवढाच धंदा होता. बाकीचे महिने बोट वाळूवर आणि पोरगा मुंबईत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण त्या घोषणेने माझी एक खोली भरली नाही. भरली ती स्कूबाच्या आणि डॉल्फिनच्या व्हिडिओंनी. आज आमच्या वाडीतली दहा पोरं गावात राहून कमावतायत.

त्रास आहेच. पाहुणा सकाळी येतो, आल्या आल्या विचारतो, "तो झोपाळा कुठे?" माझ्या घरात झोपाळा नाही, तो शेजाऱ्याचा. व्हिडिओत आमचं दोघांचं अंगण एका पाठोपाठ एक दाखवलंय. मग शेजाऱ्याच्या झोपाळ्यावर फोटो. मालवणी जेवण वाढलं की थंड होईस्तोवर त्याचा व्हिडिओ. आमची आई म्हणते, "कढी थंड झाली, आता तुज्या मोबाइलाक भरव." पाण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे आमच्या विहिरी. मेमध्ये प्रत्येकाला शॉवर हवा, पाणी मचूळ होतं. ते कुठल्या व्हिडिओत आलं?

ताई_नाशिक
म्हणूनच मी म्हणते की नाजूक जागांची नावं, लोकेशन टाकूच नयेत.

देवबागकर
तुम्ही बघून झाल्यावर? नाव लपवलं की गावाला पैसा मिळत नाही आणि गर्दी थांबतही नाही, कमेंटमध्ये कुणीतरी नाव फोडतोच. नाव सांगा, पण गावात राहा, गावात जेवा, वाटाड्याला पैसे द्या. घरून पराठे आणून, आमच्या विहिरीवर आंघोळ करून, कचरा टाकून जाणारा पाहुणा मला नको. त्याला रील बघून येऊ दे नाहीतर पंचांग बघून.

गोंयकार
आमच्या बार्देशातल्या पर्रा गावात माडांनी दोन्ही बाजूंनी वेढलेला सरळ रस्ता आहे. एका हिंदी सिनेमात दिसला आणि मग रोज तिथे प्री-वेडिंगवाले, रस्त्यावर आडवे झोपून फोटो. पंचायतीने वैतागून शूटिंगचे पैसे घ्यायला सुरुवात केली, तर उलट पंचायतीवरच टीका. रस्ता तोच, माड तेच, शेजारच्या गावातही तसाच रस्ता आहे. तिथे चिटपाखरू नाही. दूधसागरचं तर २०२३ च्या जुलैमध्ये गाजलंच होतं. बंदी असताना रुळांवरून चालत आलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. आणि त्या उठाबशांचाही व्हिडिओ व्हायरल.

निशिकासाई
तोक्योहून लिहितोय. हे खूळ आपल्याकडेच आहे असं समजू नका. फुजीकावागुचिको गावात एका साध्या किराणा-दुकानाच्या छपरावर फुजी पर्वत बसल्यासारखा दिसतो. तो फोटो पसरला आणि लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहायला लागले, समोरच्या दवाखान्याच्या आवारात घुसायला लागले. मे २०२४ मध्ये गावाने २.५ मीटर उंच आणि २० मीटर लांब काळी जाळी लावून डोंगरच झाकला. लोकांनी तिला भोकं पाडली, मोबाइलच्या कॅमेऱ्याएवढी! ऑगस्टमध्ये जाळी काढली.

भारतातून येणारे नातेवाईकही यादी घेऊनच येतात. शिबुया क्रॉसिंग, ते दुकान, क्योतोची लाल कमानींची वाट. मी म्हणतो, आमच्या इथल्या नदीकाठी संध्याकाळी चला, शाळेची पोरं बेसबॉल खेळतात, छान वाटतं. "त्याचा काही व्हिडिओ आहे का?" असं मावसभावाने विचारलं होतं.

भटक्या_कॅमेरा
इतका वेळ गप्प होतो, कारण मी 'त्यांच्यातला' आहे. छोटं मराठी चॅनेल चालवतो, पोटापाण्याला नोकरी वेगळी. थोडं आतलं सांगतो.

पहिल्या दोन-तीन सेकंदांत बोट थांबलं नाही तर व्हिडिओ मेला. म्हणून ड्रोन, म्हणून 'स्वर्ग', म्हणून 'कुणालाच माहीत नाही'. मी खड्ड्यांचा रस्ता, तिकिटाची रांग, गावातल्या माणसाशी गप्पा हे सगळं टाकून बघितलंय. आलेख सांगतो की नेमका तिथेच प्रेक्षक पुढे सरकवतो. तुम्हाला ढेकूण बघायचे नसतात हो, मुळशीकर. तुम्हाला ते नंतर, खोलीत गेल्यावर हवे असतात, तक्रार करायला.

दुसरं, फुकट राहणं. बड्या चॅनेलना रिसॉर्ट बोलावतं. त्यात गैर नाही, पण ते सांगायला हवं. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत, ग्राहक व्यवहार खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये नियम स्पष्ट केले. रोख पैसेच नव्हेत, फुकट मुक्काम मिळाला तरी उघड सांगायचं. म्हणून व्हिडिओखाली 'सहकार्याने' वगैरे बारीक अक्षरात आहे का ते आधी बघा. आणि ज्या व्हिडिओत हॉटेलच्या जेवणाला एकही नाव ठेवलेलं नाही, त्याचं बिल कुणी भरलं असेल याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

चष्मिश
शेवटच्या वाक्याला टाळ्या. पण मग तुम्ही रांग दाखवणं सोडलंत का?

भटक्या_कॅमेरा
शेवटी टाकतो, आठव्या मिनिटाला. तिथे अनघाताईंसारखी मोजकी माणसं उरलेली असतात. कमेंट त्यांच्याच येतात आणि त्या वाचण्यासारख्या असतात.

मुळशीकर
चर्चा भारी चाललीय, पण माझी सुट्टी तशीच अधांतरी आहे. डावकी बाद. मेव्हण्याचा किनारा बटाटेवड्यांनी बाद केला. कासचं कुणी सांगेल का? ते गुलाबी खरं असतं का?

साताराकर
सांगतो, आमच्या दारातलं आहे.

गुलाबी खरं आहे. तो तेरडा. पण तो काही आठवडेच, आणि सगळीकडे एकदम नाही. पठार जांभ्याचं, वर मातीचा पातळ थर, आणि फुलं पाळीपाळीने येतात. पांढरे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं, पिवळी मिकी माऊस. पाऊस कसा झाला त्यावर कुठला रंग कुठल्या आठवड्यात चढणार ते ठरतं, म्हणून गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून तारीख काढू नका. फुलं किती लहान असतात हेही व्हिडिओत कळत नाही. सीतेची आसवं नखाएवढी. त्यांचा जवळून घेतलेला फोटो बघून आलेली माणसं उभ्याने इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "फुलं कुठायत?" पायाशी असतात. पाऊलवाट सोडून आत घुसणारे त्यांच्यावरच उभे असतात. त्या नखाएवढ्या फुलाचं रोपटं किडे खातं म्हटल्यावर मुलं मात्र उकिडवी बसतात, मग उठायचं नाव घेत नाहीत.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कास जागतिक वारसा यादीत आलं. त्यानंतर गर्दी इतकी झाली की आता ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आहे. व्यवस्था आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर बघते. शनिवार-रविवार सोडून या. सकाळी लवकर या. नोंदणी न करता आलात तर घाटात गाडी वळवायलाही जागा मिळणार नाही. पुढे महाबळेश्वरच्या जुन्या राजमार्गावर कुमुदिनीचं तळं आहे, तिथे चालत जा. रीलवाले तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत, कारण चालावं लागतं. वासोटा किल्ल्याचा बेत मात्र करू नका, पावसाळ्यात बंद असतो.

बटाटेवडा
आणि धुकं पडलं तर?

साताराकर
तर तुम्हाला तुमचा स्वतःचा हातही दिसणार नाही. तासभर थांबायचं. नाहीच उठलं तर ठोसेघर, सज्जनगड, आणि खाली येऊन कंदी पेढे.

मुळशीकर
ठरलं. कास, मधल्या वारी, नोंदणी झाली. डावकीचं लेकीला डिसेंबराचं आश्वासन दिलंय, पैशाचं तेव्हा बघू. मेव्हणा त्या किनाऱ्यावर जाऊन आलाय. मक्याची कणसं होती. उंटाला त्याने नाव ठेवलं नाही, त्यावर बसून फोटो काढलाय.

जुना_बाबू
एलटीसीत बसतं का कास? चौकशी करतो.

केळफूल
धागा उशिरा वाचला. थोडं अवांतर, पण इथे माहितगार दिसतायत म्हणून विचारते. कोकणातल्या वेळासच्या कासवांचा व्हिडिओ बघून धाकट्याने हट्ट धरलाय. तिथल्या कासव महोत्सवाच्या तारखा कधी कळतात? आत्तापासून सुट्टी टाकावी लागेल.

रानवाटा१
आत्ता कळणार नाहीत. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या अंडी घालून जातात, ती जपून कुंपणात ठेवतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात. त्यावरून मोसमात अंदाज जाहीर होतो, बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमधला. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं असतील तर समुद्राकडे सोडतात. राहायला गावातल्या घरीच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन हे उभं केलंय, अंडी चोरीला जायची तिथे आता लोक राखण करतात.

केळफूल
आणि त्या दिवशी एकही पिल्लू निघालं नाही तर?

रानवाटा१
तर नाही. दोन रात्री राहा, संधी वाढते. दुपारी बाणकोटचा किल्ला बघा, वेसवीहून फेरीबोटीने बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वर करून या. संध्याकाळच्या टोपलीच्या वेळेला परत किनाऱ्यावर हजर. फ्लॅश मारायचा नाही, हे धाकट्याला निघायच्या आधीच सांगून ठेवा.